हात दाखवून

हात दाखवून अवलक्षण, असं आई म्हणायची,
म्हणून दीड वर्ष कुणाला दाखवलेच नाहीत.
सोहारला आल्यापासून फरशी बसवतोय.
सिमेंट, ग्राऊट, बोटांच्या बेचक्यात पांढरी पूड.
आधी वाटलं, उन्हाळा.
मग वाटलं, पाणी. इथलं पाणी समुद्रातून
मीठ काढून नळाला येतं,
माझ्यातलंही काहीबाही काढून नेत असेल.

हजेरीच्या यंत्राला कारणं चालत नाहीत.
अंगठा ठेवला की लाल दिवा,
आतली बाई अरबीत म्हणते, पुन्हा.
पुन्हा. पुन्हा.
भेगांनी रेषा खोडून टाकल्यात,
सहा दिवस मी कामावर आलोच नाही यंत्राच्या लेखी.
मुकादम म्हणाला, मांजरेकर, नवा अंगठा आण गावाहून.

खोलीत कुणी काही बोललं नाही.
माझा मग तेवढा वेगळ्या खिळ्याला गेला,
आणि गुरुंगने आपला टॉवेल
माझ्या टॉवेलपासून दोन चिमटे लांब सरकवला.

ॲप सेल्वमने उतरवून दिलं.
शुक्रवारी दुपारी, बाकीचे मेसमध्ये,
पडद्यावर एक गोल फिरत राहिला,
तीन रियाल कापल्याचा मेसेज आधी आला,
डॉक्टर नंतर.
मस्कतच्या डॉक्टर लुबना.
माझं नाव त्यांनी तीन तुकड्यांत वाचलं,
हिंदी मात्र मुकादमापेक्षा साफ.

दाखवा, म्हणाल्या.
अजून जवळ. उजेड तिरका हवा.
सेल्वमने टॉर्च धरला.
पालथा करा. आता बोटं पसरा.
आणि मग गप्प बसून बघत राहिल्या.
जत्रेतला ज्योतिषीसुद्धा इतका वेळ बघत नाही,
आणि तो तर पुढचं सगळं सांगतो.

रात्री जाग येते?
म्हटलं, खाज झोपत नाही, मी मधूनमधून झोपतो.
घरात आणखी कुणाला?
वडिलांच्या घोट्याला होतं. विहिरीच्या दगडावर
घासत बसायचे. लोक म्हणायचे, रक्त बिघडलंय.
त्यांनी इंग्रजीत एक नाव सांगितलं.
आमच्याकडे इसब म्हणतात, मी म्हणालो.
इ, स, ब. त्यांनी लिहून घेतलं.

सिमेंटने चिघळवलंय, म्हणाल्या.
साबण बंद. कामावर आत सुती, वर रबरी हातमोजे.
रात्री व्हॅसलीन, जाड, लाज न बाळगता.
आणि मलम: तर्जनीच्या टोकापासून
पहिल्या पेरापर्यंत एक ओळ,
तेवढी दोन तळव्यांना पुरते.
हे मला पटलं.
सूत सूत मोजून फरशी लावणारा माणूस मी,
पण माप म्हणून माझंच बोट
याआधी कुणी सांगितलं नव्हतं.

आणखी काही विचारायचंय?
होतं. दीड वर्ष होतं.
डिसेंबरात सुट्टी आहे. मुलगी चार वर्षांची, मार्गी.
फोनवर मी तिला फक्त चेहरा दाखवतो.
तिच्या केसांना तेल लावलं तर
तिला...

पडदा गोठला.
डॉक्टरांचं तोंड अर्धं उघडं,
काय उत्तर होतं ते ओठांवरून कळेना.
सेल्वमने फोन हलवला, खिडकीपाशी नेला,
बाहेर नुसतं ऊन आणि पाण्याचा टँकर.

मेसेज तासाभराने आला.
सेल्वमने अडखळत वाचून दाखवला:
हा रोग लागट नाही. स्पर्शाने पसरत नाही.
तेल अवश्य लावा, तुमचे हात आधी बरे होऊ द्या.
नंतर आठवलं,
टॉर्च धरला होता त्याने एका हातात,
आणि दुसऱ्या हातात माझं मनगट,
मेसेज यायच्या कितीतरी आधी.

रविवारी यंत्राने लाल दिवाच दाखवला.
मुकादमाने कुरकुरत वहीत सही घेतली.
मलम बारा दिवसांचं आहे.
आज तिसरा.