बफर्

एक ऑगस्ट, पहाटे पावणेपाच. फोन.
"मशीन बोलत नाय. लवकर ये."
राजापुराहून साखरी-नाटे तासाभराचं,
त्यात रस्त्याला खड्डे आणि माझ्या गाडीला एकच दिवा.

बंदीच्या दोन महिन्यांत जाळी शिवून झाली,
इंजिनांना तेलपाणी झालं,
आणि बर्फाच्या फॅक्टरीत मालकांच्या भाच्यानं
कॉम्प्युटरही नवा केला,
म्हणजे डबा तोच, आतली सिस्टिम नवी.
पडद्यावर आता डोंगर दिसतो.
आपल्याकडचा नव्हे, बर्फाचा.

प्रिंटर मात्र जुनाच:
कडांना भोकं पाडलेला कागद ओढणारा,
चोवीस टाचण्यांचा,
खाऱ्या हवेनं सुपारीसारखा पिवळा पडलेला.
सिस्टिमनं त्याला विचारलं, तू कोण?
त्यानं आपल्या भाषेत सांगितलं.
तिला ती येत नव्हती.

बाहेर सतरा होड्या.
टोकन नाही तर लादी नाही,
लादी नाही तर होडी सुटत नाही,
आणि भरती ओसरली की खाडीच्या तोंडाशी वाळू वर येते.
"हातानं लिहा की," मी म्हटलं.
हिशोब बघणाऱ्या मुमताज सोलकर
चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या.
"मागच्या साली हातानं लिवलेली
चाळीस टोकनं जास्त निघाली."
मी गप्प.

कंपनीनं या मॉडेलवर कधीच पाणी सोडलंय.
भावकीतल्या दुसऱ्या मॉडेलचा ड्रायव्हर लावून पाहिला:
तीन पानं चौकोन, प्रश्नचिन्हं,
आणि कोपऱ्यात, का कुणास ठाऊक, एक बदाम.
ड्रायव्हर म्हणजे फार काही नसतं,
दोघांमधला दुभाषा.
तो उठून गेला की दोन्ही शहाणी
एकमेकांकडे नुसती बघत बसतात.

"याची सीडी होती," मी म्हटलं,
"चौदा वर्षांमागं मीच दिली होती, निळ्या पाकिटात."
मुमताजबाईंनी खिडकीबाहेर बोट दाखवलं.

उन्हाळ्यात सुकटीवर कावळे यायचे
म्हणून टांगलेली, ती अजून तिथंच,
रिकाम्या दोरीवर, पावसात,
कुणाही कावळ्याला न घाबरवता गरगर फिरत.

साबणानं धुतली. रुमालानं पुसली.
पहिल्यांदा वाचली नाही. दुसऱ्यांदाही नाही.
तिसऱ्यांदा ट्रेमधून घशात काटा अडकल्यासारखा आवाज आला
आणि एकेक फाईल वर येऊ लागली, मासळीचा वास घेऊन.
(वास माझ्या हातांना होता. तरीही.)

सिस्टिम म्हणाली, या ड्रायव्हरवर कुणाची सही नाही.
मी म्हटलं, सही नसू दे, ओळख आहे.
मशीन बंद करून पुन्हा चालू, सात नंबरचा पर्याय,
मग लाल पाटी, आणि तिच्या तळाशी
बारीक अक्षरांत, जवळजवळ लाजून:
तरीही पुढे चला.

टाचण्या खाकरल्या.
कागद दोन बोटं सरकला, थांबला, सरकला.

बफर् – ४ लाद्या.

माझे कान तापले.
तो रफार चौदा वर्षं एक घर चुकून पडतोय,
दर खेपेला म्हणतो, पुढच्या वेळी सरळ करतो.
आत्ताही कीबोर्डवर हात ठेवला होता,
पण लाद्या उतरवणाऱ्या दिलावरनं टोकन ओढून घेतलं,
बल्बखाली धरलं.
त्याला वाचता येत नाही.
शेवटच्या अक्षराची ती लोंबती शेपटी
अंगठ्यानं चाचपली,
आणि बाहेर ओरडला,
"हां! आता बरोबर हाय!"

लाकडी घसरगुंडीवरून पहिली लादी सुटली.
मी हात काढून घेतला.

सीडी आता गल्ल्याच्या पेटीत, कुलपाखाली.
दोरीसाठी मी बॅगेतली दुसरी दिली,
व्हायरसवरची, मुदत संपलेली.
"बिल?" मुमताजबाई.
"हातानं लिहिलेलं चालेल?"

त्यांनी चष्म्यावरून बघितलं.