सोड्याचा खोका

बापाने आधी खोका आणला, मग गिटार.
सोड्याच्या बाटल्यांचा, लाकडी,
एका कडेला खिळा वर आलेला.
व्हर्लीन सात वर्षांची, मी पाच.
आर्कान्सात नदीच्या बांधाखाली टिन्सलीचं दुकान होतं.
शनिवारी रात्री तिथे आधी मासे तळत,
मग माणसं.

खोक्यावर उभी केली तरच ती मागच्यांना दिसे.
एफ धरायला बोटं पुरेनात,
म्हणून बापाने ताराच सैल करून दिल्या,
नुसत्या मोकळ्या छेडल्या तरी जुळतील अशा.
पुढे बोटं वाढली. तारा तशाच राहिल्या.
आता लोक त्याला तिची शैली म्हणतात,
एका जाड पुस्तकात त्यावर दोन पानं आहेत.

पहिल्या रात्रीचं त्या पुस्तकात नाही.
तिसऱ्या गाण्यातच तिला लागली होती.
बापाने डोळ्यांनी दटावलं : वाजव.
गुडघे जुळवून ती डोलायला लागली,
लोक खूश, नाणी फेकू लागले,
आणि खोक्याच्या फटीतून
थेंब थेंब.
मी खाली नाणी वेचत होतो.
ओली होती ती शर्टाला पुसली.
सात डॉलर चाळीस सेंट.
कोणाला कळलं नाही, आजवर.

पत्रकावर बापाने वय लिहिलं पाच.
पुढली तीन वर्षं ती पाचच होती.
मी मात्र वाढत गेलो, तिच्याहून मोठा झालो,
आणि शेरिफ आला की
मी, ती, खोका, तिघेही गल्ल्याखाली.

बाराव्या वर्षी मेम्फिसला तबकडी निघाली.
'बेबी व्हर्लीन'. वर फोटो दुसऱ्याच मुलीचा,
उजळ, केसांना रिबीन.
बाप म्हणाला, ऐकताना तोंड कुठे दिसतं?

मग तिची उंची वाढली आणि बोलावणी आटली.
पोर वाजवते याचं कौतुक असतं.
बाई वाजवते, तर बसा रांगेत.
गॅरीच्या इस्पितळात तिने अकरा वर्षं चादरी धुतल्या.
गिटार सोमवारी गहाण, शुक्रवारी सोडवायची,
शनिवार-रविवार कुठल्यातरी कोपऱ्यात वाजवायचं,
सोमवारी पुन्हा गहाण.
दुकानदार कोवाल्चिक शेवटी पावती फाडेनासा झाला,
नुसता हात पुढे करायचा,
मूल घ्यावं तसा.

एकदा एक डच माणूस दारात आला,
ती तबकडी छातीशी धरून.
फोटोवर बोट ठेवून म्हणाला, ही कुठे भेटेल?
व्हर्लीन म्हणाली, ती वारली.
हात पुसले, गिटार घेतली,
आणि दोन पडद्यांच्या मध्ये, जिथे काहीच नसतं,
तिथला सूर अंगठ्याने ओढून बाहेर काढला.
तो खाली पायरीवरच बसला. बर्फ होतं पायरीवर.

त्यानंतरची गावं मला विचारा, गाडी मीच चालवली.
रॉटरडॅम, ग्रोनिंगन, नावं विसरलेली चाळीस.
सगळीकडे भिंतीवर तेच : बेबी.
एकोणसत्तरावं लागलंय बेबीला.
अंगठा आता अर्धाच वळतो.
ती म्हणते, बाकीचा अर्धा लोक ऐकून घेतात.

गेल्या उन्हाळ्यात एका जत्रेत
तिच्या आधी आठ वर्षांचा पोरगा होता.
सॅटिनचा टाय, मानेवर बापाचा पंजा.
आयोजकांनी हौसेने खोकाही ठेवला होता,
नवा, रंगवलेला, खिळा नसलेला.
व्हर्लीन त्याच्यापुढे वाकली, गुडघा कडाडला.
फोटोवाले धावले. लोकांना वाटलं, आशीर्वाद.
मी जवळ होतो, मी ऐकलं :
"मुतून आलास का रे?"

त्याने बापाकडे पाहिलं.
"त्याला नाही, तुला विचारते."
मान हलली. नाही.
तिने त्याचं बोट धरलं आणि चालू लागली,
मंडपामागे, निळ्या पत्र्याच्या खोल्यांकडे,
सावकाश, कारण दोघांचेही पाय छोटे पडत होते.

तीन हजार माणसं ताटकळली.
मी खोक्यावर बसलो
आणि पोराच्या गिटारच्या तारा
जरा सैल केल्या.