चितरी, उंची नऊ बोटं

मी जनावरांच्या दवाखान्यातला ड्रेसर.
बैल आडवा पाडणं, शेळीच्या घशात नळी घालणं,
डॉक्टरसाहेब मूलला मीटिंगला गेले की
त्यांच्या खुर्चीशेजारी उभं राहून सल्ला देणं,
हे माझं काम.
रात्री जेवण झालं की मी लोकर टोचतो.

सुया कुरिअरनं आल्या, पाचांचं पाकीट.
अंगाला बोटाला न लागणारे बारीक काटे,
आत जाताना धागे ओढून नेतात,
बाहेर येताना तिथंच सोडून येतात.
हजारदा टोचलं की पुंजक्याला अंग येतं,
आणखी हजारदा, तर कान.
बायको म्हणते, "दिवसा सुया, राती सुया,
तुमाले दुसरं काही सुचते का जी?"

लोकर पोचू मर्लावारची, कातरून उरलेली,
लेंड्यांसकट, गोखरूंसकट.
रिठ्याच्या पाण्यात तीनदा धुतो
तरी पावसाळी हवेत मेंढी घरभर हिंडते.
सायकलच्या दोन आऱ्या घासून विणायच्या सुया केल्या.
पोट मी नेहमी विणतो,
आत कापूस, वरून लोकर.
पहिला बैल तान्ह्या पोळ्यात
लाकडी बैलांच्या रांगेत उभा केला,
आरती होईस्तोवर तो बसला.
पोट्टे म्हणाले, डुक्कर आहे.
डुक्करच होता.

मग डिसेंबरात मडाव्यांची शेळी वाघानं नेली.
नाल्यापल्याड सापडली, करवंदीच्या जाळीत.
वनरक्षक, दोन पंच, साहेब आणि बादली घेऊन मी.
मानेवरच्या भोकांना मोजपट्टी मी लावली,
अंतर साहेबांनी लिहिलं.
रंग काळा, पांढरे ठिपके. वय तीन. किंमत अंदाजे.
पोट उघडलं ते मीच.
अंगावर केस आले होते त्यांच्या.
ओले, चिकटलेले, नीट भांग पाडल्यासारखे.
फॉर्मवर होतं, गाभण आहे काय?
साहेबांनी लिहिलं, होय.
किती, ते विचारलेलं नव्हतं.
मी हातांवर पाणी घेतलं,
बादली संपली तरी घेत राहिलो.

आठ दिवसांनी आस्था आली, मडाव्यांची, तिसरीतली.
"काकाजी, आमची चितरी करून द्यान का?"

काळी लोकर पोतंभर. पांढरी मिळेना.
पोचूनं एका कोकराच्या पोटाखालची दिली, मूठभर,
आणि काय करतोस म्हणून विचारलं नाही.
पायांना बांधणीची तार. डोळ्यांना एरंडीच्या बिया.
आऱ्यांवर पोट विणलं,
शिवण्याआधी आत दोन गोळ्या ठेवल्या,
चिंचोक्याएवढ्या, घट्ट टोचलेल्या.
कापूस भरला. टाके घातले.
त्या रात्री दोन सुया मोडल्या,
एकीचं टोक अजून सापडायचं आहे.

आस्थानं ती उलटीसुलटी करून पाहिली.
"डावा कान फाटका होता. कुत्र्यानं."
दोन रात्रींचा कान मी कात्रीनं चिरला.
"आता आहे," म्हणाली.
मग कुशीत धरून चाचपू लागली,
शेळी राखणाऱ्या घरची पोर, तिला कुणी शिकवावं लागतं?
बोटं एका जागी थांबली.
"दोन होते का जी?"

मी चष्मा शोधू लागलो.
डोळ्यांवरच होता.

फेब्रुवारीत लस टोचायला त्या टोलीत गेलो.
खाटेच्या खुराला सुतळीनं बांधलेली चितरी,
पुढ्यात बोरीचा ताजा पाला.
"रोज खाते म्हणे," तिची आई म्हणाली,
कोंबड्यांना हाकलत.
मी कोंबड्यांकडे पाहिलं, पाल्याकडे पाहिलं,
रजिस्टरवर लिहायला लागलो, शेळ्या किती.
सुतळी आखूड होती.
उंबरठ्याच्या वीतभर अलीकडेच संपेल,
एवढी.