चुंबक

ऑटोमोटिव्ह चौकाच्या अलीकडे, टायरवाल्याच्या मागे
झनकलाल पटलेचं टिनाचं शेड.
मे महिना. सकाळचे साडेदहा
आणि बोनेटवर हात ठेववत नाही.

डाव्या बाजूचे दोन्ही दरवाजे, मागचं फेंडर.
"पार्किंगमध्ये कोणीतरी घासून गेला,"
बाबांनी फोनवर सांगितलं होतं,
आणि इथे येईपर्यंत आणखी दोनदा,
मी विचारलं नसताना.

झनकलाल आधी डोळ्यांनी पाहत नाही.
चष्मा कपाळावर ढकलतो,
उलटा पंजा पत्र्यावरून नेतो,
दार उघडतो, लावतो, परत उघडतो,
आवाज ऐकतो.

"फेंडर निघून जाईन. आतून दोन ठोके, बस.
मागचा दरवाजा बी. नुसता दबला हाय, घडी नाई पडली.
घडी पडली का पत्रा ताणते.
ताणलेला पत्रा ठोकून जागेवर बसते, मॅडम,
पण त्याले आपली जागा याद नाई राहत."

मग त्यानं खिशातून चुंबक काढलं,
जुन्या स्पीकरचं, मोज्यात गुंडाळलेलं.
फेंडरवर टक्.
मागच्या दरवाजावर टक्.
पुढच्या दरवाजावर, हँडलच्या जरा खाली,
ते चिकटलंच नाही.
घसरत आलं आणि त्याच्या तळहातात पडलं.

इंचभर बाजूला लावलं. पडलं.

"हा पयलेच बनला हाय. एकदा नाई,
पुट्टीवर पुट्टी हाय, बोटभर."
अंगठ्याच्या नखानं त्यानं घडीतून खरवडला
एक हिरवा कण.
आमच्या फाटकाच्या खांबाचा हिरवा.
दिवाळीत तो डबा मीच निवडला होता.

बाबा बाहेर, कडुनिंबाखाली, पालथ्या टायरावर.
शर्टाच्या खिशावर हात.
किल्ली माझ्याकडे होती, तरी हात खिशावर.
एकतीस वर्षं नागपूर-गडचिरोली,
रात्री नागभीडच्या पुढे रस्त्यात बसलेली ढोरं,
धान घेऊन उलट्या बाजूनं येणारे विनादिव्याचे ट्रॅक्टर,
आणि शेवटी महामंडळाचा बिल्ला:
गो. मा. भिवगडे, विनाअपघात सेवा.
आई होती तोवर दसऱ्याला
त्यालाही हळदकुंकू लागायचं.

"ठोकून देतो म्हणाल तं अडीच हजार.
सहा महिन्यांनी फुगा येईन, मंग मले नका बोलू.
कंपनीचा नवा नऊ, कलर वेगळा.
कबाडीतून आणला तं साडेतीन,
पण तो कोणाच्या गाडीचा, कसा सुटला,
ते नका विचारू."
मी म्हटलं, बदला.
त्यानं चुंबक परत मोज्यात घातलं.
"सायबाले इचारून या नं एकदा."

बाबांनी किती पैसे सांगितले, विचारलं नाही.
विचारलं,
"चुंबक लावलं काय त्यानं?"

लावलं.

"कुठं पडलं?"

पुढच्या दरवाजावर, म्हटलं,
आणि उगाच पदरानं चष्मा पुसू लागले,
माझा.
त्यांनी झाडाची एक काडी मोडली.
"तो बदलाच लागते," म्हणाले,
दुसऱ्याच कोणाची गाडी डेपोत आल्यासारखे,
"तसा पत्रा आमी कधी रस्त्यावर नाई काढला."

गाडी तिथेच राहिली. ऑटो केला.
टेका नाक्यापर्यंत ते ऑटोवाल्याला
कूलरची गवताची ताटी कुठे स्वस्त मिळते ते सांगत होते.
इंदोरा चौकात एक पोरगी स्कुटी घेऊन आडवी आली,
ऑटोवाल्यानं कचकन ब्रेक मारला,
एक शिवी दिली,
पोरगी निघूनही गेली,

आणि मग
बाबांचा उजवा पाय
खालच्या रबरी चटईवर
जोरात दाबला गेला.