अकरावी नोंद

पटाची वही माझ्याकडेच राहिली.
लाल पुठ्ठा, हजेरीची कोरी उरलेली पानं.
शालिक कुमरे या नावापुढे अकरा ओळी आहेत.
तीन हिवाळे, अकरा ओळी.
धुरकरी म्हणून तो एवढाच.

पहिली ओळ हिवऱ्याच्या पटाची:
नऊ सेकंद बासष्ट.
वय सोळा सांगितलं होतं, असेल चौदा.
वजन बेचाळीस किलो; जिनिंगमधल्या
सरकीच्या काट्यावर उभा करून पाहिलं होतं.
चंपतराव निस्तान्यांना असाच पोरगा हवा होता,
छकडीला कळूही नये की वर कोणी आहे.

जोडी त्यांची. उजवीकडे वकील, डावीकडे पाखऱ्या.
बक्षिसाचा कूलरही त्यांच्याच घरी गेला.
शालिकला एक दुपट्टा, दोनशे रुपये,
आणि रात्री गोठ्यात झोपायची परवानगी.

तो ओरडायचा नाही.
बाकीचे दाणीवर आईबहिणी काढत, शेपट्या पिरगाळत,
हा पुढे वाकून नुसतं काहीतरी बोलायचा.
काय, ते वकिलाला ठाऊक.
मी शेवटच्या खांबाजवळ, अंगठा बटणावर,
मला आधी धूळ दिसायची,
मग शिंगं,
मग त्याचे दात.

आठ बहात्तर. आठ एकसष्ट.
लोणीला आठ पंचावन्न. त्या दिवशी भोंग्यावरून
त्याचं नाव पुकारलं, तेही चुकीचं: शालिग्राम.
त्यानं दुरुस्त केलं नाही.

अकरावी ओळ अशी:
बोरी खुर्द, फायनल, जोडी निस्ताने, धुरकरी कुमरे.
पुढे काही नाही.

अर्ध्या दाणीवर पाखऱ्या गुडघ्यावर आला.
कासरा सोडला असता तर पोरगा
बाजूच्या तुरीच्या धसकटात पडला असता,
दोन ओरखडे, झालं.
त्यानं कासरा ओढून छकडी अंगावर घेतली.
मांडीचं हाड तीन ठिकाणी.
चंपतराव धावले ते पाखऱ्याचा खूर बघायला;
चाकाखालून शालिकही तेच विचारत होता.

मग पटांवर बंदी आली. जोडी बाजारात गेली.
पट पुन्हा सुरू झाले तोवर हा ऐंशी किलोचा,
पेट्रोल पंपावर, खाकी सदऱ्यात,
डावा पाय जरासा बाहेर टाकत.

परवा माझ्या गाडीत शंभरचं टाकताना म्हणाला,
"मास्तर, थ्या रोजी अर्ध्यालोक किती झाले होते?"

त्या दिवशी घड्याळ थांबवायचं राहूनच गेलं होतं.
रात्री सदरा काढताना पाहिलं, खिशात ते चालूच:
पाच तास अठरा मिनिटं,
आणि सेकंद पळतच होते.
हे वहीत कुठल्या रकान्यात लिहिणार?

"चार वीस," मी म्हणालो.

त्यानं मनात दुप्पट केली.
नळी हातात तशीच, ओठ हलले,
समोर रस्त्यावर कापसाचा एक ट्रक, बाकी काही नाही.
एकशे सहा रुपये झाले.
वरचे सहा तो काही केल्या घेईना.