मिठाच्या बरणीखाली

पुन्हा एक पाकीट आलंय, वितोमिल.
चारशे दहा युरो. तारीख, वेळ,
अक्षांश-रेखांश, दशांशचिन्हापुढे पाच घरांपर्यंत.
तू नेमका कुठे असतोस
हे लग्नाच्या पस्तीस वर्षांत
मला इतकं बारकाईनं कधी कळलं नव्हतं.
बिस्किटांच्या डब्यात आता मावत नाहीत.
मिठाच्या बरणीखाली ठेवते.

मी समोरच्या किनाऱ्यावरची.
आपलं वऱ्हाड होडीतून आलं,
अर्ध्या वाटेत अकॉर्डियनवाल्याला उलटी झाली;
ती कुठल्या देशात, कुणी विचारलं नाही.
देश तेव्हा एकच होता.
मग तो फुटला, आणि ही वीतभर खाडी
वाटणीतल्या पातेल्यासारखी
दोघांच्याही यादीत राहिली.

पुढे दूरच्या शहरात पाच शहाणे बसले.
नदीच्या मुखापासून सरळ रेघ ओढली,
तीन वाटे इकडे, एक तिकडे.
इकडच्यांनी तो कागद डोक्यावर घेतला,
तिकडच्यांनी उघडलाच नाही.
आता पाण्यात दोन रेघा आहेत
आणि मध्ये तुझं जाळं.

माझ्या भावालाही पाकिटं येतात, इकडून.
नाताळात आम्ही बेरजा ताडून पाहतो.
यंदा तो जिंकला.

ब्रान्त्सिन मासा दोन्हीकडे ब्रान्त्सिनच.
समुद्राला मात्र इथे मोर्ये म्हणतात,
माझ्या माहेरी मोरे.
तो ‘य’ माझ्या जिभेवर अजून नीट बसत नाही.
त्या पाच जणांनी मोजला असेल का तो?

काल रात्री अडीचला भावाचा फोन.
हॅलो नाही, काही नाही. “बुरा,” म्हणाला.
मी तुला हलवलं: “ऊठ, बुर्या!”
डोंगरावरून कोसळणारा तोच वारा,
त्याच्यातही तोच ‘य’.
तू पँट चढवत जाळी काढायला धावलास.
खिडकीतून दोन दिवे दिसत होते:
एक तुझा, एक तुझ्यावर पाळत ठेवणाऱ्या बोटीचा.
लाटा चढल्या तसे दोन्ही
आपल्याच धक्क्याकडे वळले. तो जवळचा.

पहाटे तू आत घोरत होतास.
तो पोरगा स्वयंपाकघरात, तुझ्या स्वेटरात,
बूट चुलीपाशी वाळत.
नाव सांगितलं, तेव्हा सही आठवली मला.
अक्षर सुरेख आहे त्याचं.

सूप अळणी झालं होतं.
लाजत लाजत त्यानं मीठ मागितलं.

मी बरणी उचलली.