मेणकापडावर तीन डबे

बेलमुलेटच्या दुकानातून तीन डबे घेऊन आलो.
घ्यायचा एक, दोन परत, असं ठरलेलं.
डिम्फ्नाने मेणकापड पुसलं, किटली बाजूला सरकवली
आणि डब्यांकडे पाहिलं
बाजारात मेंढी पाहतात तसं, आधी दात.

हा पहिला, म्हणालो, नुसता डिशचा.
फुकट वाहिन्या शे-दीडशे, बहुतेक इंग्लंडच्या.
आपल्या बातम्या यात नाहीत.
"मग लंडनचा पाऊस बघत बसू?
माझे कपडे इथे वाळतात."

हा दुसरा. डिश आणि अँटेना, दोन्ही एकाच पोटात.
मागे तोंडं दोन, पुढे यादी एक.
आपली वाहिनी तो एकशे एकवर ढकलतो,
ती मी ओढून एक नंबरवर आणून देईन.
गारा आल्या की डिशचं चित्र चौकोन-चौकोन होतं,
तेव्हा अँटेना तग धरते.
मनोरा समोरच्याच डोंगरावर आहे,
ज्या दिवशी डोंगर दिसतो त्या दिवशी.

तिसरा सगळ्यांत शहाणा, इंटरनेटवालाही.
चर्चमधला कॅमेरा, चुकलेले कार्यक्रम,
टोरांटोहून मुलीने पाठवलेलं काहीबाही.
पण सकाळी उठायला वेळ लावतो,
पासवर्ड मागतो, अटी मान्य आहेत का विचारतो,
आणि त्या वाटेने सगळंच येतं अर्धा मिनिट उशिरा.
"म्हणजे?"
म्हणजे मॅच असली तर
फिनटनच्या घरातली आरोळी आधी ऐकू येईल,
तुझ्या पडद्यावर चेंडू अजून मध्यावर.
"आणि संध्याकाळी सहाची घंटा?"
तीसुद्धा.
ती हसली. "देव थांबेल गं बाई. फिनटन नाही थांबायचा."

डब्लिनचा भाचा म्हणतो, छपरावरचं भंगार काढून टाक,
आता सगळं तारेतून येतं.
त्याची तार रस्त्याखालून जाते.
आमची दलदलीवरून,
खांब एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून
पबमधून निघाल्यासारखे.

मग तिने रिमोट हातात घेतले, एकेक.
आखडलेल्या अंगठ्याने बटणं चाचपली.
किंमत विचारली. हमी किती वर्षांची ते विचारलं.
रात्रभर चालू ठेवला तर वीज किती खातो ते विचारलं.
ताकाला आलेली बाई भांडं लपवते आहे
हे मला कळायला जरा वेळच लागला.

"जुन्यातलं यात येतं का?"

जुना टीव्हीखाली होता, पंखा घरघरत.
नाही येत, म्हणालो.
जे रेकॉर्ड झालं ते त्याच डब्याच्या कुलपात राहतं.
डिस्क काढून दुसऱ्यात घातली तरी उघडत नाही.

तिने तो लावला.
यादी आली: मेंढ्यांचे भाव, मेंढ्यांचे भाव,
समुद्राच्या हवामानाचं काहीतरी, मेंढ्यांचे भाव,
आणि एक मॅच. एक्केचाळीस मिनिटं पाहिलेली.
"मेंढी अडली म्हणून उठला," ती म्हणाली.
"बूटसुद्धा माझेच घालून गेला."
पडद्यावर प्रश्न आला:
इथून पुढे पाहायचं, की सुरुवातीपासून?
तिने काहीच दाबलं नाही.
निकाल सगळ्या मेयोला ठाऊक आहे. हरलो आपण.
तो प्रश्न तसाच थांबला,
मग डबाच कंटाळला आणि यादीवर परत गेला.

दुसरा घेतला तिने. मधला.
मी शिडीवर चढून डिश पुन्हा अठ्ठावीस अंशांवर आणली,
गंजलेला बोल्ट बदलला,
खालून ती ओरडून सांगत होती: आलं, गेलं, आलं.
जुन्याला डिश नको, अँटेना नको, नुसती वीज.
टीव्हीला दोन सॉकेट होती.
दुसऱ्याचे पैसे मी लावले नाहीत,
तिने पिशवीत सहा अंडी घातली,
एक वाटेत फुटलं.

वळणावर आरशात पाहिलं तर
तिच्या खिडकीत निळा उजेड होता.
कुठल्या सॉकेटचा, ते रस्त्यावरून कळत नाही.
मागच्या सीटवर दोन डबे खडखडत होते,
आणि वारा वाढलेला.
त्या बोल्टसाठी गुरुवारी परत यावं लागणार.